माते

आमचे हे लेकीला लाडाने ‘माते’ म्हणतात. पण ज्युदोत पंच ‘माते’ म्हणाले की पकड सोडून थांबायचं असतं. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिची कांस्यपदकाची लढत होती, म्हणून सकाळीच तिने दम भरला होता, “बाबा, आज तोंडाला कुलूप.”

शेवटच्या मिनिटाला तिने समोरच्या मुलीला पाठीवर आपटलं आणि छातीने दाबून धरलं. वीस सेकंद धरलं की जिंकली. बारा, तेरा. खालची मुलगी टाचा घासत होती. मी यांचा हात घट्ट धरला. खरं तर तोंड धरायला हवं होतं.

“सोडू नको, माते!” हे उठून रडवेल्या आवाजात ओरडले.

लेकीचं कोपर सैल पडलं. त्या मुलीचा खांदा वर यायला लागला. यांनी तर डोळेच मिटले. मग ते कोपर पुन्हा रुतलं. अठरा, एकोणीस, वीस.

आम्ही खाली गेलो तेव्हा हे तिच्याकडे बघेनात.

“ऐकू आलं होतं ना गं?” मी विचारलं.

“‘माते’ तेवढं आलं की. सोडणारच होते,” ती धापा टाकत म्हणाली. “पण म्हटलं, पंच असा रडवेला कशाला होईल?”