उस्तादचं पहिलं शटर

वाकून या मित्रांनो, आणि डोकं सांभाळा. या भोकाची कड अजून बोट कापते. रोज इथे खेळायला येता, माझ्या अंगावर खडूनं वाट्टेल ती चित्रं काढता, पण हे भोक पडलं कसं, ते एकानंही कधी विचारलं नाही. तर मीच सांगतो. मी या गाळ्याचं जुनं लोखंडी शटर आहे. बोलायला लागलो की मला थांबवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला उस्तादनं बनवलं. उस्ताद म्हणजे या गाळ्याचा मालक, वेल्डर. गाळा नवा घेतला तेव्हा त्याला नुकतं कुठे मिसरूड फुटलं होतं. तयार शटर बाजारात मिळत होतं, पण साहेबांना ते पसंत पडेल तर शपथ! "माझ्या गाळ्याचं शटर दुसऱ्यानं केलं तर लोक मला काम कशाला देतील?" असं म्हणून त्यानं एकेक पट्टी दुसरीत सरकवत मला पंधरा दिवसांत उभं केलं. ते त्याचं पहिलं काम. पहिल्यांदा वर गेलो तेव्हा मी असा काही कडकडाट केला, की समोरच्या दुकानातल्या शिंपीणताईनं बोटात सुई टोचून घेतली. "आभाळ कोसळलं की काय रे!" म्हणत ती भांडायला आली आणि उस्तादची मैत्रीण होऊन परत गेली.

दुसरा मित्र टपाल. खरं नाव त्याच्या आईलाच माहीत असेल. पत्रं वाटायचा म्हणून सगळे त्याला टपाल म्हणायचे. दुपारी मी बंद असलो की तो पत्रं माझ्याखालून आत सरकवायचा आणि ती उंबऱ्यात साचलेल्या पाण्यात भिजायची. एके दिवशी तो चिडून म्हणाला, "उस्ताद, लोकांना फाटकं करून देतोस, मला एक फट करून देता येत नाही?" उस्तादनं माझ्या छातीच्या उंचीवर पंजाएवढी रुंद फट कापली, तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. मला तेव्हा राग आला होता. अख्ख्या अंगाला भोक पाडलं म्हणजे काय! पुढे त्याच फटीनं काय केलं ते ऐका.

तिसरा चष्मिस. कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. लोकांना लांबचं दिसावं म्हणून काचा घासायचा, आणि स्वतःला मात्र दोन पावलांवरचं संकटच आधी दिसायचं. रोज चार वाजता ही चौकडी माझ्या सावलीत चहा प्यायची. उस्ताद मला दर महिन्याला ग्रीस लावायचा, फडक्यानं पुसायचा. ताई म्हणायची, "बायको केली असतीस तर तिची एवढी बडदास्त ठेवली असतीस का?" काय सांगू, ऊर भरून यायचा.

मग वय झालं. त्याचंही, माझंही. ग्रीस बंद झालं. मला वर ढकलायला दोन माणसं लागू लागली. मध्ये एकदा चोरी झाली, तेव्हा उस्तादनं मागचं दार विटांनी बुजवून टाकलं आणि खिडकीला बोटभर जाड गज बसवले. या गाळ्याला मी एकटाच दरवाजा उरलो. तेव्हा याचं कुणाला काही वाटलं नाही.

ते दिवस तुम्हाला आठवत नसतील, तुम्ही फार लहान होता. आधी वीज गेली. मग नळाला पाणी येईना. दुकानं रिकामी झाली, पोलीस चौकीत कुत्री झोपू लागली. ज्यांना गाव होतं ते गावी गेले. ज्यांना कुठेच जायला नव्हतं ते आपापल्या घराला कड्या लावून बसले. हातात पहारी घेतलेली माणसं गल्लोगल्ली फिरू लागली. त्यांना आम्ही पहारवाले म्हणत होतो. या रांगेतली शटरं त्यांनी एकामागून एक उचकटली. माझ्या शेजारच्याचा शेवटचा आवाज मी ऐकलाय, तो नाही सांगत.

चौघं माझ्या आत राहायला आली. एक निळा ड्रम पाण्याचा, ताईच्या दुकानातले कापडाचे तागे अंथरूण म्हणून, चष्मिसच्या घरातलं पोतंभर धान्य. गल्ल्या टपालला पाठ होत्या, म्हणून पाणी आणायला तो जायचा. परत आल्यावर फटीतून दोन बोटं आत घालून हलवायचा. मग उस्ताद आणि चष्मिस मला हातभर वर उचलायचे आणि तो खालून सरपटत आत यायचा. आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी दुपारी टपाल पाण्याला गेला आणि पाठोपाठ पहारवाले आले. एकानं माझ्या खालच्या पट्टीत बसवलेल्या कुलपात पहार घातली. कुलूप तुटलं! आत तिघांची पाचावर धारण बसली. नशीब, मी ग्रीसवाचून इतका आखडलो होतो की एका झटक्यात वर गेलो नाही. "थोड्या वेळानं आणखी माणसं आणतो," असं म्हणून ते गेले.

"बंद कर, उस्ताद, काहीही कर!" चष्मिस रडकुंडीला आला.

जनरेटरमध्ये शेवटचं थोडं डिझेल होतं. उस्तादनं वेल्डिंगचं मशीन लावलं आणि माझ्या खालच्या पट्टीला उंबऱ्यातल्या लोखंडावर टाका मारला. डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये एक.

"तीन टाके पुरतील रे," ताई म्हणाली. "डिझेल ठेव थोडं. टपाल आला की सोडवावं लागेल."

पण तो उस्ताद होता. आयुष्यात त्यानं अर्धवट जोड कधी दिला नव्हता. हाताला सवय, डोक्यात भीती. तो मला या टोकापासून त्या टोकापर्यंत भरत गेला. खाली झालं, मग दोन्ही बाजूंच्या खाचा भरल्या. आणि खोटं वाटेल, मित्रांनो, शेवटी तो जोड ग्राइंडरनं घासून त्यानं सारखा केला! जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला.

पहारवाले आले, त्यांनी मला लाथा घातल्या, पहारी वाकवल्या, शिव्या देऊन निघून गेले. मी जागचा हललो नाही. खरं सांगतो, त्या घटकेला माझ्याएवढं गर्विष्ठ शटर जगात नसेल.

उन्हं उतरताना फटीतून दोन बोटं आत आली आणि हलली. उस्ताद उठला, मला धरलं, आणि तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा मी पाहिला. माझा गर्व तिथेच उतरला.

"उघड ना रे, हात दुखतायत," टपाल बाहेरून म्हणाला.

"उघडत नाही," उस्ताद म्हणाला. "मी वेल्डिंग केलंय."

"मग सोडव."

"डिझेल संपलं."

टपालनं बोटं फटीतून मागे घेतली. मग टपाल हसला. "शाबास! पूर्ण भरलं असशील ना? मी ओळखतो तुला." रबरी नळी फटीतून घालून त्यानं पाण्याचे दोन्ही कॅन ड्रममध्ये रिकामे केले आणि समोरच्या बंद पडलेल्या बसमध्ये झोपायला गेला.

उस्तादनं हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, काढली. पाच पाती होती. छन्नी चालवली असती तर आवाजानं पहारवाले आले असते. तो माझ्या जोडावर पातं घासू लागला, चष्मिस घाम पुसायचा, ताई पात्यावर तेलाचे थेंब सोडायची. दोन दिवसांत तीन पाती बोथट झाली आणि जोडावर नखभर चरा पडला. त्याच्या हातचा जोड होता तो. त्यानं आयुष्यभर ज्याची फुशारकी मारली, तोच आता त्याच्या मानगुटीवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी टपाल आलाच नाही. ड्रमचा तळ दिसू लागला. ताईनं पाणी झाकणानं मोजून दिलं. चष्मिस दर घटकेला फटीला डोळा लावायचा आणि "कुणी नाही" म्हणायचा. शेवटी ताई खेकसली, "नाही ना कुणी? मग सांगतोस कशाला!"

तिसऱ्या दिवशी दुपारी बोटं आली. एकच हलली, दुसऱ्याला चिंधी बांधलेली होती.

"ऐका," जखमी पाय उचलून धरत टपाल धापा टाकत म्हणाला. "पुलापलीकडे लोक जमलेत. विहीर आहे, डॉक्टरीण आहे. उद्या दुपारी पुलावरून शेवटचा ट्रक सुटतोय. मी आपल्या चौघांचं सांगून आलोय."

"तू जा," उस्ताद म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"आम्ही बघू काहीतरी. जा म्हणतो ना!"

टपाल माझ्या अंगाला पाठ टेकून खाली बसला. त्याची पाठ मला अजून आठवते, तापानं फणफणली होती. "एवढी वर्षं तुझ्या पत्त्यावर पत्रं टाकली," तो म्हणाला. "पत्ता सोडून कुठे जाऊ? तुम्ही आत बसा, मी बाहेर बसतो. जे व्हायचं ते चौघांचं होईल."

आता तो तिथेच बसणार हे सगळ्यांना कळलं. पहारवाले आले की पहिला तो सापडणार. उस्ताद चौथं पातं घेऊन पुन्हा जोडावर वाकला, तेव्हा ताईनं त्याचा हात धरला.

"शिवण उसवत नसेल तर मी काय करते माहीत आहे? शिवण सोडते आणि शेजारचं कापड कापते. हा पत्रा केवढा? माझ्या नखाएवढासुद्धा जाड नाही. आणि फट तर तयार आहे, कात्री घालायला."

मी आतून हादरलो. उस्तादही हादरला. "शटर कापू? ताई, माझं पहिलं काम आहे हे!"

"आणि भोक पाडलं की बुजवणार कशानं?" चष्मिस ओरडला. "पहारवाले सरळ आत येतील! आत निदान जीव तरी सुरक्षित आहे."

"कुणाचा?" ताईनं विचारलं. "त्याचा?"

चष्मिसनं फटीकडे पाहिलं. खाली बसूनही टपालनं हात वर करून चिंधी बांधलेलं ते बोट आत घालून ठेवलं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि पत्रा कापायची कात्री स्वतः उचलून उस्तादच्या हातात दिली.

मित्रांनो, लोखंडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. मला दुखलं. फटीच्या दोन्ही टोकांपासून कात्री आधी वीतभर आडवी गेली, मग खाली निघाली. पट्ट्या जिथे एकमेकींत वळल्या होत्या तिथे उरलेली दोन पाती चालली. उस्ताद रडत होता आणि कापत होता. प्रत्येक पट्टीला तो माझ्याशी बोलत होता, "एवढीच, आता एवढीच." ज्या पट्ट्या त्यानं पंधरा दिवसांत एकीत एक सरकवल्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुटल्या. शेवटी पत्र्याचं ते पान त्यानं आत वाकवलं आणि गाळ्यात ऊन आलं.

आधी ताई बाहेर गेली. मग चष्मिस, तो पोटाशी अडकला. एवढ्या उपासातही त्याचं पोट काही गेलं नव्हतं! टपालनं बाहेरून ओढलं, उस्तादनं आतून ढकललं, ताई म्हणाली, "श्वास सोड रे, धरून काय ठेवलायस!" माझ्या कडेनं त्याचा सदरा फाडला. शेवटी उस्ताद. बाहेर पडून त्यानं टपालला खांद्यावर हात टाकायला लावला, चार पावलं गेला, परत आला. माझ्यावर हात ठेवला. काहीतरी बोलणार होता, पण ताईनं हाक मारली आणि तो धावला.

ते सुटले. मी अडकलो तो अडकलोच. त्या दिवसापासून मी एकदाही वर गेलेलो नाही. वारा आला की माझ्यातून आरपार जातो. पट्ट्यांवर गंज चढलाय, वरची स्प्रिंग आखडलीय. चांगल्या कामाचा जोड मी पायाशी बाळगून उभा आहे.

पण गेल्या महिन्यात, तुम्ही शाळेत असताना, एक माणूस लंगडत आला. गणवेश नव्हता, पण खांद्यावर पिशवी होती. एवढं मोठं भोक समोर, वाकून सरळ आत येता आलं असतं. तो नाही आला. जिथे पूर्वी फट होती तिथे त्यानं पाकीट धरलं, दोन बोटं हलवली आणि ते आत सोडलं. संध्याकाळी तुमच्यातल्या त्या दोन वेण्यांवालीनं ते उचललं आणि मोठ्यानं वाचलं. तिला वाटलं, कुणीतरी थट्टा केलीय, कारण पत्त्याच्या जागी "शटर, उस्तादचा गाळा" असं लिहिलेलं होतं. तुम्ही सगळे हसलात. मी हसलो नाही.

पत्र छोटंच होतं. "आम्ही चौघं एका खोलीत राहतो. तिला मी दार बसवलंय, नुसत्या कडीचं. टपालचा पाय बरा आहे. चष्मिसचं पोट आहे तसंच आहे. ताई बरोबर होती. तीन टाके पुरले असते. वीज आली की ग्राइंडर घेऊन येतो."

तर मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपापली दारं एकदा उघडून बघा. बंद तर सगळीच होतात. आणि घरात शिडी असेल तर मोठ्या कुणाला तरी घेऊन या, वरच्या स्प्रिंगला थोडं तेल सोडा. उस्ताद येईल, तो जोड कापेल, मला वर ढकलेल. तेव्हा मला जाता आलं पाहिजे.