सत्त्याण्णवच्या पुढे

२. ३. ५. नाही, नाही, नाही. एवढं तोंडीच झालं.

मंगळवार पेठेतल्या शाळेच्या शिक्षक-खोलीत शांभवी बाई फळ्यावर उभ्यानंच भागाकार करत होत्या. बसवतच नव्हतं. खाली बक्षीस समारंभाच्या मांडवात माईकवाला "हॅलो, हॅलो" करून जीव खात होता, आणि दारात गारगोटीचे बाळासो लेकीला, मनालीला, पुढं घालून उभे.

गणित स्पर्धेचा शेवटचा प्रश्न बाईंनीच काढलेला. १०,००,००१ ही मूळ संख्या आहे का? बाईंचं उत्तर : आहे. मनालीनं लिहिलं : नाही. रीत लिहायला वेळ पुरला नाही. शून्य. त्या शून्यानं पेठेतला विजयसिंह पहिला आला, आणि पुण्याच्या शिबिरात जागा एकच.

"बाई, पोरगी म्हणत्या, आकडा फुटतोय," बाळासो म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाय. पण कालपासनं जेवली न्हाय की ती."

७. बाकी २.

११. बाकी २. १३, परत २! ही दोनाची बाकी हात धुऊन मागं लागलीय.

१७. बाकी १०.

जिन्यावर चपला वाजल्या. मुख्याध्यापक गणपतराव. "मॅडम, पावणं खोळंबल्यात. हार सुकाय लागला, आणि तुम्ही भागाकार करताय व्हय?"

"झालंच, सर."

३७. बाकी २. परत तीच.

खडू मोडला. दुसरा घेतला. दर भागाकाराला बाई भिंतीकडे बघत होत्या. तिथं रंगवलेला तक्ता : शंभरच्या आतल्या मूळ संख्या, एकूण पंचवीस. प्रश्न काढतानाही असंच बघितलं होतं.

९७. बाकी २८.

"संपलं." बाईंनी सुस्कारा सोडला. "मूळच आहे गं."

मनाली पहिल्यांदा बोलली. "बाई, तक्ता संपला की. आकडा कुठं संपलाय?"

वर्गमुळापर्यंत भागून बघा, असं दर वर्षी घसा फोडून सांगणाऱ्या बाईच. दहा लाखांचं वर्गमूळ हजार. आणि हात थांबला कुठं, तर तक्त्याच्या शेवटच्या चौकटीत.

पुढची मूळ संख्या?

१०१.

१०१ × ९९०१ =

बरोबरच्या पुढं बाईंनी लिहिलंच नाही. खडू मनालीच्या मुठीत कोंबला, तिला ओढत जिना उतरल्या.

"मॅडम, आधी हार!" गणपतराव मागनं.

पहिल्या रांगेत विजयसिंहची आई शूटिंगसाठी फोन सरसावून बसलेली. बाईंनी माईक ओढला.

"उत्तर माझं चुकलंय. पहिली मनाली आहे."

मागनं कुणीतरी, "आता बाईच नापास की ओ!" हशा. विजयसिंहची आई फोन खाली घेईना.

मनालीनं मांडवातल्या फळ्यावर गुणाकार मांडून पुरा केला. हात पुसता पुसता हळूच विचारलं, "बाई, ९९०१ फुटतोय का?"

वर्गमूळ शंभराच्या जरा आत. या वेळी तक्ता पुरणार होता. पण तक्ता वर, खोलीत. बाईंनी डोळे मिटले.

२. ३. ५.

७. बाकी ३.