पानं गेली, निरोप राहिले

मी पट्टी बोलतेय. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कक्षात, संगणकाच्या पडद्यावर सगळ्यात वर जी निळी पट्टी दिसते ना, तीच. माझ्याखाली पानं येतात नि जातात. कधी नकाशा, कधी गाड्या, कधी रुग्णालयांतल्या रिकाम्या खाटा. मी मात्र जागची हलत नाही, कारण चालू असलेला फोन माझ्यात असतो. पान बदललं तरी आवाज तुटू नये, एवढ्यासाठीच मला घडवलं.

मला घडवणाऱ्याला सगळे चष्मा म्हणतात. जन्मले तेव्हा मी फुलासारखी हलकी होते. मग ज्याला त्याला माझा मोह पडू लागला. "पट्टी काय, कायम असतेच. टाका तिच्यावर घड्याळ." घड्याळ आलं. मागोमाग हवामान, सूचना, साहेबांचा सुविचार. घड्याळाचा काटा जरा हलला की मी अख्खी नव्याने रंगायची. अति तिथे माती, पण सांगणार कोण?

खरं दुखणं आणखी खोल होतं. प्रत्येक पान आलं की मला सांगून ठेवायचं, "काही घडलं तर कळव गं." जाताना मात्र तो निरोप मागे घ्यायला विसरायचं. मी आपली इमानेइतबारे गेलेल्या पानांनाही हाका मारत बसायची. दुपार होईतो मला धाप लागायची.

हे भोगायच्या ताई, कक्षातल्या सगळ्यात जुन्या. सकाळी मला उघडलं की कामाची पाळी संपेपर्यंत बंद करायच्या नाहीत. चष्मा मात्र काम करताना ऊठसूट रिफ्रेश मारायचा, म्हणजे मला पुसून नव्याने उघडायचा, म्हणून त्याच्यासमोर मी सदा नवजात. त्याला माझं दुखणं दिसणार कसं?

"अरे, हे रखडतंय," ताई म्हणायच्या.

"माझ्याकडे तर पळतंय, ताई. एकदा रिफ्रेश मारा ना."

"आणि फोन तुटेल त्याचं? तोवर फोनवरचा माणूस काय खिशात ठेवू?"

शेवटी एक दिवस तो त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. सकाळभर सगळं सुरळीत. "तू बसलास म्हणून शहाण्यासारखं वागतंय बघ," ताई चिडवत होत्या.

दुपारी एका बाईंचा फोन आला. नवरा स्वयंपाकघरात कोसळला होता, श्वास चालत नव्हता. ताईंनी पत्ता लिहून घेतला, बाईंना नवऱ्याची छाती दाबायला सांगितलं आणि गाडी पाठवायला नकाशा उघडला. मी गोठले. नकाशा अर्धाच आला. बाईंचा आवाज तेवढा माझ्यातून येत होता.

चष्म्याचा हात सवयीने रिफ्रेशकडे गेला. ताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. तोंडाने चालूच होतं, "दाबा... सोडा... दाबा. मी आहे इथे, थांबू नका." आवाजात जरासुद्धा कंप नाही. मग मनगट सोडवून चष्मा पत्ता घेऊन शेजारच्या टेबलाकडे धावला आणि तिथून गाडी निघाली.

मी थक्क झाले होते. सगळा पडदा ठप्प, आणि एक माणूस दुसऱ्याला नुसत्या आवाजावर धरून आहे. किती वेळ गेला कोण जाणे, माझं घड्याळही थांबलं होतं. मग फोनच्या पलीकडे दार उघडलं, पावलं आली, कुणीतरी म्हणालं, "सरका, आता आम्ही बघतो." थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज आला आणि बाई रडायला लागल्या. ताईंनी तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली.

त्याच संध्याकाळी चष्म्याने मला दुरुस्तीला घेतलं. आता जाणारं पान आपला निरोप सोबत नेतं. घड्याळ हललं तर तेवढं घड्याळच रंगतं. हवामान नि सुविचार दुसरीकडे गेले. पाळी संपतानाही मी सकाळइतकीच हलकी असते. तुमच्याकडे अशी कायमची पट्टी असेल, तर नुसती उघडून बघू नका. तिला दिवसभर उघडी ठेवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा, एवढीच विनंती.

परवा साहेब येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. "बरीच जागा दिसतेय की. सगळ्यांचे वाढदिवस टाकू या इथे?"

"नको, साहेब," चष्मा म्हणाला. "तिच्यात माणसं असतात."