थोरलीचा शब्द

वाइओलाने फिफिताची वेणी तिसऱ्यांदा उसवली आणि पुन्हा घालायला घेतली. खोबरेल तेलाने केस इतके निसरडे झाले होते की पेड हातात ठरत नव्हते.

"आई, दुखतंय."

"हलू नकोस. आत्या येतेय ना."

"मला न्यायला?"

वाइओलाचे हात थबकले. चार वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं? पण बेटावर गुपित राहणार कुठे? निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऑकलंडला. झाडाची साल कुटून कापड करायला पूर्वी ओसरीभर बायका बसायच्या आणि लाकडी मोगऱ्यांचा ठोका खाडीपलीकडे ऐकू जायचा. आता ती आणि शेजारची म्हातारी पासेमाता, दोघीच उरल्या होत्या. जी थोडी माणसं राहिली होती, ती एकमेकांच्या चुलीतलं लाकूडसुद्धा ओळखून होती.

ऑकलंडला तिची धाकटी नणंद होती, मेलेआने. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पदरात मूल नव्हतं. गेल्या महिन्यापासून फोनवर तिचा एकच धोशा होता, फिफिताला माझ्याकडे द्या. वाइओलाचा नवरा फिलिमोने नुसता "बघू, बघू" म्हणत होता. बहिणीला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. जमीन भावाच्या नावावर, पण भावाच्या घरातलं डुक्कर, चटई, पोर, जे बहीण मागेल ते तिचं. आणि आज थोरली नणंद, तोकिलुपे, राजधानीहून येत होती. धाकटीचं मागणं घेऊनच येणार, दुसरं काय?

पासेमाता अळूच्या पानांची जुडी घेऊन आत आली.

"तुझ्या वन्सं येणार म्हटल्यावर माझी डुकरंसुद्धा झुडपात लपलीत बघ," ती म्हणाली. वाइओला हसली नाही, तशी म्हातारीने जुडी खाली ठेवली. "अगं, तूही कुणाची तरी बहीण आहेस. भावाच्या घरी जाऊन तूही घे की हवं ते."

"मला कुणाचं काही नको, आजी. माझं तेवढं राहू दे."

दुपारी तोकिलुपे आली. काळा झगा, कमरेला जुनी, मऊ पडलेली मानाची चटई गुंडाळलेली. दारात तिने श्वास घेतला आणि घरभर नजर फिरवली. ती नजर जिथे थांबे, तिकडे वाइओलाही बघे. बहीण आत असताना भावाने त्या खोलीत बसायचं नसतं, म्हणून फिलिमोने ओसरीवरच थांबला, दाराकडे पाठ करून. जेवायला तोकिलुपेने मुद्दाम पाद्रीबुवांना बोलावून घेतलं होतं. साक्षीदार लागतो, तेव्हाच पाद्री लागतो. वाइओलाच्या हातातला वाडगा लवंडला.

"सावकाश गं," तोकिलुपे म्हणाली.

प्रार्थना झाली. भट्टीतून काढलेली अळूची पुरचुंडी तोकिलुपेने सावकाश उलगडली, नारळाच्या दुधात शिजलेलं मांस बोटांनी निवडून खाल्लं. मग हात धुतले आणि फिफिताला जवळ ओढलं. हनुवटी धरून तोंड वर केलं, दात बघितले, वेणी हातात तोलली.

"तेल फार झालंय. मला घाबरतेस?"

"हो," फिफिता म्हणाली.

पासेमाता तोंडावर हात धरून हसली. पाद्रीबुवा खोकले.

"खरं बोलते," तोकिलुपे म्हणाली आणि दाराकडे न बघता आवाज चढवला. "फिलिमोने, ही पोर आजपासून माझी."

ओसरीवरची फळी करकरली.

"तुमचीच आहे, ताई," बाहेरून आवाज आला. तो आवाज वाइओलाला नवऱ्याचा वाटला नाही.

"पाद्रीबुवा, ऐकलंत?"

"ऐकलं."

वाइओला उठली. रडणं शोभलं नसतं. तिने खोलीत जाऊन फिफिताचे झगे काढले, एकेकाची घडी घातली, एक घडी मोडून पुन्हा घातली. रविवारचा पांढरा झगा सगळ्यांत वर ठेवला. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण पुढे काय मागायचं ते तिला सुचेना. गाठोडं बांधून ती बाहेर आली.

"वन्सं, तिला झोपताना उजेड लागतो. अंधारात रडते."

"बरं," तोकिलुपे म्हणाली.

बोट सांजेला परत फिरणार होती. धक्क्यावर भरतीचं पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. खलाशाने दोर सैल केला. वाइओलाने एका हाताने फिफिताला धरलं होतं, बोटं आवळून. दुसऱ्या हाताने तिने गाठोडं पुढे केलं.

"हे काय?" तोकिलुपेने विचारलं.

"तिचे कपडे."

"मग माझ्या बोटीत कशाला? पोर इथे आणि कपडे तिथे?"

वाइओलाने गाठोडं धक्क्यावर टेकवलं. फिलिमोने लांब, खांबाशी उभा होता. त्याने मान वर केली.

तोकिलुपेने बोटीत पाय ठेवला, खलाशाचा हात झिडकारला आणि स्वतःच बसली. "मेलेआनेचा फोन आला तर सांग, पोर थोरलीची आहे. थोरलीच्या हातातलं धाकटी मागत नाही. माझ्या घरात जागा नाही, म्हणून तुझ्याकडे ठेवलीय."

"वन्सं..."

"मी हिच्याएवढी असताना ह्याच धक्क्यावरून गेले. माझ्या आत्याने मला मागितलं म्हणून. वळून बघू नकोस म्हणाले सगळे." तिने कमरेची चटई सारखी केली. "आभार मानू नकोस. माझं आहे ते माझंच आहे. उद्या मला वाटलं तर नेईनही. चल रे, सोड दोर."

बोट निघाली. तोकिलुपे बेटाकडे पाठ करून बसली होती. बोट खडकांपलीकडे जाईपर्यंत तिची मान जराही वळली नाही.

"आई, आत्या मला विसरली?"

"नाही, बाळा. विसरली नाही."

फिलिमोने जवळ आला आणि त्याने गाठोडं उचललं. पोरीला उचलायला त्याने हात पुढे केले होते, पण वाइओला आधीच वाकली होती. रोज ती फिफिताला कडेवर सहज टाकायची, जाता-येता, न बघता. आज तिने तिला दोन्ही हातांनी उचललं, सावकाश, दुसऱ्याची ठेव उचलावी तसं, आणि पायऱ्या चढताना एकेक पाय बघून टाकला.