सीटवर कोण, मागे कोण

तुम्ही न बघता निकाल दिलात. कमरेचं हाड मोडल्यापासून तुम्ही खिडकीतल्या खुर्चीत बसता. तिथून अंगण दिसतं, पाण्याचा नळ दिसतो, शेड दिसत नाही. शेडमधून नुसता आवाज येतो. त्या आवाजावर तुम्ही माझं इतक्या वर्षांचं काम उचलून सूनबाईच्या पदरात टाकलंत. बाबा आहात म्हणून मी गप्प बसेन असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका.

काल जेवताना तुम्हीच म्हणालात, म्हातारा आठवडाभर पडून आहे, जो त्याला चालू करेल त्याच्या हातात किल्ली, यंदाची नांगरट त्याची. म्हातारा म्हणजे आपला ट्रॅक्टर, माझ्याहूनही वयाने मोठा. धाकटा भाऊ नुसता हसला. इंजिनात तेल कुठून ओततात हे त्याला माहीत नाही, त्याला किल्लीचं काय. पण त्याच्या बायकोने, तुमच्या सूनबाईने, मान वर करून तुमच्याकडे बघितलं, तुम्ही तिच्याकडे. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तुम्ही सीटवरून उतरलात तेव्हापासून त्या सीटवर मी बसते. तरी ती मी शर्यत लावून मिळवायची.

सकाळी चहा न घेताच शेडमध्ये गेले. किल्ली फिरवून सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं, आणि धुराचा मागमूस नाही. म्हणजे बॅटरीला दोष नाही, डिझेल पुढे पोचत नाही. टाकी निम्मी भरलेली. फिल्टर उघडला तर तळाशी काळा गाळ, कढईच्या बुडासारखा. नवा घातला, पण उघडझाकीत नळीने एअर धरली, हवा आत अडकली. मग ती काढायला बोल्ट सैल करून हातपंप मारत बसले. फेस यायचा, डिझेल यायचं, वाटायचं झालं, की पुन्हा फेस. तो थांबल्यावर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या नळ्यांचे नट ढिले केले. सेल्फ मारायचा, उतरून पुढे येऊन बघायचं, पुन्हा चढायचं. हे दोन माणसांचं काम. धाकटा एकदा डोकावला, जमतंय का विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आत निघून गेला. शेवटी डिझेलची चिळकांडी उडाली, थेट माझ्या डोळ्यात. नट आवळले. बॅटरी दमली होती, तिला जरा पडू द्यावं म्हणून मी नळावर हात धुवायला गेले.

तेवढ्यात ती आली. मला जेवायला बोलवायला आली होती. किल्ली समोर दिसली, तिने फिरवली, आणि म्हातारा अर्ध्या फेऱ्यात भडभडायला लागला.

मी नळावर तुम्हाला दिसत होते. म्हणजे किल्लीवर मी नाही, हे गणित तुम्ही चुटकीसरशी सोडवलंत. सकाळपासून शेडमध्ये कोण आहे, ते मात्र सुटलं नाही.

"सूनबाई," तुम्ही खिडकीतून म्हणालात, "तुझ्या हाताला गुण आहे."

ती पळत बाहेर आली. "बाबा, मी नुसती किल्ली फिरवली. सगळं ताईंनी केलंय."

मला वाटलं, आता तरी. तर तुम्ही म्हणालात, बघा, पोर मोठेपणासुद्धा घेत नाही. म्हणजे ती खोटं बोलली असती तरी कौतुक, खरं बोलली तर दुप्पट कौतुक. मी कुठून शिरायचं? तिने माझं श्रेय ढापलं असतं तर झिंज्या धरून भांडले असते. ती चांगली वागते, त्याचं काय करू? होय, जळते मी तिच्यावर. बाकीचे हे पाठीमागे कुजबुजतात, मी तोंडावर सांगते. तिची नखं स्वच्छ होती, त्याच्यावरसुद्धा जळले.

शेडमध्ये गेले आणि स्टॉपर ओढून इंजिन बंद केलं. मुद्दाम. पुन्हा चालू करून तुम्हाला ऐकवायचं होतं. स्टॉपर आत दाबला, किल्ली फिरवली. बॅटरीने टक् केलं आणि मान टाकली.

धाकट्याने कपाळाला हात लावला. आता उतारावर ढकलूनच चालू करावा लागणार होता. एकाने सीटवर बसून क्लच सांभाळायचा, बाकीच्यांनी मागून जोर लावायचा. कोण कुठे, हे खिडकीतून तुम्हीच ठरवलंत.

"सूनबाईला बसू दे वर. तू ढकल, तुझ्या अंगात जोर आहे."

ती बसेना. ताई, तुम्ही बसा ना, असं मला हळूच म्हणाली. मी म्हटलं, बस गप. गिअर मी टाकला, तिचा पाय क्लचवर मी ठेवला, आणि सांगितलं की मी ओरडेपर्यंत उचलायचा नाही. मग धाकट्याने आणि मी खांदा लावला. धाकटा लगेच धापा टाकायला लागला, त्याचा भार बहुतेक माझ्यावरच होता. चाकं कुरकुरली, हलली, वेग आला. मी ओरडले, सोड. तिने सोडला. म्हाताऱ्याने गचका खाल्ला, काळा धूर माझ्या तोंडावर ओकला, आणि तिला घेऊन उतारावरून निघून गेला. मी पालथी पडले. दोन्ही तळहात सोलले.

अंगणातून ती वळण घेऊन गेली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी शेडच्या कोपऱ्याआड मातीत होते, तुम्हाला दिसायचं कारणच नाही. किल्ली सूनबाईकडे राहील, असं सांगून तुम्ही पेपर उघडलात.

तो पेपर ठेवा खाली. मी तुमच्या खिडकीशी उभी आहे, आता तरी दिसते ना? सांगा, हा ट्रॅक्टर कुणी चालू केला? सूनबाईला विचारू नका. ती खरंच सांगेल, आणि तुम्ही पुन्हा तिचीच पाठ थोपटाल. तुम्ही सांगा, बाबा. तुमच्या तोंडाने सांगा.