बनूबाई रांगेत उभ्या राहतात

साळवेबाईंनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला, मेणबत्ती पेटवली आणि गळ्यात अडकवलेली चपटी सोनेरी डबी काढून रुमालाच्या मध्यावर ठेवली. क्रुसाची खूण करून त्यांनी प्रार्थना म्हटली. खाटेवर उठून बसलेल्या बनूबाईंनी नेहमीप्रमाणे पदर डोक्यावरून घेतला होता, हात जोडले होते. पण डबीचं झाकण उघडलं, आणि बनूबाईंनी तोच पदर तोंडावर धरला.

"थांबा बाई. आज नको. आधी माझं ऐका."

"काय होतंय? मळमळतंय का?"

"मळमळत नाय. माझ्या डोक्यावर पाणी पडलेलं नाय."

साळवेबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून तीन घरं राहिली होती.

"अहो, मग काय झालं? आजारी माणसाची आंघोळ राहिली म्हणून देव काही परत जात नाही."

"ते पाणी नाय, बाई. चर्चातलं पाणी. माझा स्नानसंस्कार झालेलाच नाय. कवाच नाय."

आत ओट्याशी उभी असलेली सून शलाका वळली. तिच्या हातात उलथनं होतं. तिने गॅस बारीक केला.

साळवेबाईंनी डबीचं झाकण पुन्हा लावलं. टक्कन आवाज आला. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिकेची नोकरी केलेल्या त्या बाई. कशालाही चटकन चेहरा न बदलण्याची त्यांना सवय होती. निवृत्त झाल्यावर अंबरनाथच्या चर्चने आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर पोचवण्याची सेवा त्यांच्यावर सोपवली. रविवारची मराठी मिस्सेची उपासना संपली, की डबी गळ्यात घालून त्या रिक्षाने निघत आणि वाटेत कुणाशी बोलत नसत. एरवी मात्र चर्चमध्ये त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. लग्न असो, मयत असो, दोन भावांचं भांडण असो, लोक आधी साळवेबाईंकडे येत आणि मग फादरांकडे जात. 'बघू' हा शब्द साळवेबाईंच्या तोंडात नव्हता. 'होईल' हा होता.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

बनूबाईंनी सांगितलं ते असं. त्या वांगणीकडच्या एका गावातल्या. नवरा गेला तेव्हा मुलगा प्रमोद अंगावर पीत होता. कुणीतरी सिस्टर लोकांच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लावून दिलं. रविवारी मुलींची रांग चर्चमध्ये न्यायची, ती बनूबाईंनी. एका रविवारी सगळ्यांत बारकी पोर रांगेतून पळायला बघत होती, म्हणून तिला पुढे धरून बनूबाई तिच्या मागे चालत गेल्या. लहान म्हणून पोरीच्या डोक्यावर नुसता आशीर्वादाचा हात ठेवून म्हाताऱ्या फादरांनी तिला सोडलं, आणि समोर बनूबाई उभ्या.

"त्यांनी म्हटलं, 'ख्रिस्ताचं शरीर'. मी तोंड उघडलं. त्यांनी ठेवलं. मंग मी दर ऐतवारी गेले."

"कुणी विचारलं नाही?"

"कोण इचारणार? फादरना वाटलं, सिस्टरनी बघितलं असेल. सिस्टरना वाटलं, मी गावाकडूनच किरिस्ताव आलेय. सगळ्या प्रार्थना मला येत होत्या. पोरींना झोपवताना मीच म्हणायचे."

"स्नानसंस्काराशिवाय ख्रिस्तप्रसाद घेतलेला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"पुढं कळलं. तवा लई वर्षं झाली होती. हात मागं घेववला नाय." बनूबाईंनी गुडघ्यावरची चादर सारखी केली. त्यांच्या आवाजात रडं नव्हतं. बाजारातून आणलेल्या जिनसा पिशवीतून एकेक काढून ठेवाव्यात, तशी एकेक गोष्ट त्या समोर ठेवत होत्या.

साळवेबाईंनी नुसतीच प्रार्थना म्हटली, मेणबत्ती विझवली, रुमाल घडी करून ठेवला. त्या दिवशी एक ख्रिस्तप्रसाद डबीत उरला. संध्याकाळी त्या तो परत द्यायला चर्चमध्ये गेल्या.

फादर इलायस उत्तनच्या कोळी घरातले, वयाने साळवेबाईंच्या धाकट्या मुलाएवढे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बनूबाईंना काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"त्यात विचारायचं काय, फादर? स्नानसंस्कार देऊन टाकू. त्यांच्या घरीच. तुम्ही, मी, त्यांची सून. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे कुणाला नवलही वाटायचं नाही. पुढच्या रविवारी सगळं पहिल्यासारखं."

"कुणाला कळायला नको, असं म्हणताय?"

"कशाला कळायला हवं? लोक काय बोलतात ते तुम्हाला माहीत नाही. म्हातारीला जगू द्यायचे नाहीत."

फादरांनी मान हलवली. "देऊ. तयारी घरी करून घेता येईल. पण आधी त्यांना विचारा, बाई. आणि तोवर त्यांना ख्रिस्तप्रसाद देऊ नका."

"विचारते. होईल," साळवेबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी बनूबाईंचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. डबी रिकामी झाली होती. प्रमोद उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात होता. तिथे रविवारीच गर्दी, म्हणून तो घरी नसे. शलाकाने खुर्ची पुढे केली. साळवेबाई बसल्या आणि त्यांनी बेत सांगितला. कोणता वार, कोणती वेळ, पांढरी साडी नसेल तर आपल्याकडची देऊ, पाण्याला घरातलाच तांब्या चालेल. दाराला कडी घातली म्हणजे शेजारच्यांचा उपद्रव नाही.

बनूबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नको."

"नको म्हणजे?"

"असं नको."

"बनूबाई, अहो, यात काही अवघड नाही. फादर तयार आहेत."

"फादर चांगलेच हायेत. तुमीपण." त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. "तुमाला म्हायतेय, मी कशापायी सांगितलं? त्या डिसोझाबाय वारल्या, तवा तुमी हितं बसून म्हणालात, 'बनूबाई, तुमी काळजी करू नका, तुमचं सगळं मी बघेन.' ध्यानात हाय?"

साळवेबाईंना आठवत नव्हतं. असं त्या अनेकांना म्हणत.

"मी मेले, की तुमी चर्चात जाणार. मला पुरायला जागा मागणार. ते इचारणार, हिचा स्नानसंस्कार कुठला? तुमी गावोगाव शोधत बसणार. आन मंग लोक म्हणणार, साळवेबाय दर ऐतवारी कुणाला भरवत होत्या? माझं काय, मी तवा मातीत. मान तुमची खाली जाणार. म्हणून सांगितलं."

साळवेबाईंनी पर्स उघडली, त्यातून काही न काढता ती बंद केली. घरोघरी जाऊन लोकांची काळजी वाहायची, हे त्यांचं काम. आपली काळजी या खाटेवर कुणी वाहत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आठवडाभर त्या स्वतःला सांगत होत्या, की हे सगळं गुपचूप उरकायचं ते बनूबाईंसाठी. ते वाक्य आता त्यांना पुन्हा म्हणता येईना.

"मग नको का म्हणता?" त्यांनी हळू विचारलं.

"इचार करतेय. चहा घ्या."

चहा गोड होता. साळवेबाईंनी तो पुरा घेतला. शलाका त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "आंटी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आईंनी एकदा ठरवलं की ऐकत नाहीत. मी लग्न करून आले तेव्हा घरात गळ्यात क्रुसाची जपमाळ असलेली सासू बघून माझी मम्मी घाबरली होती. आई तिला म्हणाल्या, 'तुमची पोर तिच्या देवाला दिवा लावील, मी माझ्या.' संपला विषय."

"पण ठरवलंय काय त्यांनी?"

"ते मला पण नाही सांगत. फक्त वॉकर धुवून मागितला."

त्याच्या पुढच्या रविवारी मराठी मिस्सेला चर्च भरलं होतं. पंखे फिरत होते, गायनमंडळात पेटी जरा पुढे धावत होती आणि तबला तिला मागे ओढत होता. प्रवचन झालं, शांतीची खूण म्हणून लोकांनी एकमेकांकडे वळून हात जोडले. मग ख्रिस्तप्रसादासाठी रांगा लागल्या. मधल्या रांगेला फादर इलायस, डाव्या रांगेला साळवेबाई.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन."

तळहातामागून तळहात पुढे येत होते. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचे, दवाखान्यातल्या मुलींचे, मेंदी लावलेले, सांधे सुजलेले. साळवेबाईंना चेहऱ्याआधी हात ओळखता येत. एवढ्यात रांगेच्या मागून फरशीवर वॉकर टेकल्याचा आवाज आला. टक, आणि थोड्या वेळाने पुन्हा टक.

त्यांनी मान वर केली. निळी इरकल नेसलेल्या बनूबाई रांगेत होत्या. मागे शलाका, त्यांच्या कमरेला एक हात लावून. मधली रांग दाराच्या समोरच होती, सोपी होती. बनूबाई ती सोडून डाव्या रांगेला आल्या होत्या.

माणसं पुढे सरकत राहिली. साळवेबाई देत राहिल्या, पण त्यांचा आवाज बारीक झाला. बनूबाईंनी तोंड उघडलं तर? सगळ्यांसमोर नाही म्हणायचं? आणि दिलं तर, फादर दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत. नाही म्हणायचं असेल तर कोणत्या तोंडाने म्हणायचं, आणि तेही या बाईला, जी आपली मान खाली जाऊ नये म्हणून बोलली?

पुढचा माणूस बाजूला झाला. बनूबाई समोर आल्या. त्यांनी वॉकर सोडला, शलाकाने त्यांना घट्ट धरलं. मग त्यांनी दोन्ही हात छातीवर आडवे घेतले, उजवा डाव्यावर. अजून ख्रिस्तप्रसाद न घेणारी लहान मुलं आशीर्वादासाठी येतात, अगदी तसे. आणि मान पुढे झुकवली.

चर्चमध्ये बनूबाईंना ओळखत नाही असं कोण होतं? मागच्या रांगेत दोन-तीन माना बाजूला झाल्या. पेटी एक सूर चुकली.

साळवेबाईंनी हातातलं पात्र डाव्या हाताने छातीशी धरलं आणि उजवा हात त्या पांढऱ्या केसांवर ठेवला. केस नुकतेच धुतलेले होते, ओलसर. नेमके कोणते शब्द म्हणायचे ते त्यांना आठवेना.

"प्रभू तुमच्यासोबत आहे, बनूबाई," त्या म्हणाल्या.

"आमेन," बनूबाई म्हणाल्या. मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

मिस्सा संपल्यावर आवारात युवकमंडळाने चहा ठेवला होता. बदामाच्या झाडाखाली बनूबाईंना खुर्ची दिली गेली, आणि खुर्चीभोवती बायका जमल्या. गायनमंडळातल्या फिलोमिना कांबळेंना धीर नव्हता.

"बनूबाई, आज ख्रिस्तप्रसाद घेतला नाहीत?"

"नाय. माझा स्नानसंस्कार झालेला नाय."

कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. "म्हणजे? आणि इतकी वर्षं?" फिलोमिनाबाईंची नजर साळवेबाईंकडे गेली.

"तिकडं बघू नका," बनूबाई म्हणाल्या. "त्यांना ठाव नव्हतं. कुणालाच ठाव नव्हतं. मीच सांगितलं त्यांना, तवापासून त्यांनी मला दिलेला नाय. आता मला पाणी घ्यायचंय. पण घरात कडी लावून नाय. हितं. मराठी मिस्सेला, तुमच्या सगळ्यांसमोर. तुमच्यासमोर रांगेत उभी राहिले ना इतकी वर्षं? मंग तेपण तुमच्यासमोर."

फादर इलायस चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले होते.

"शिकवणी घ्यावी लागेल, बनूबाई," ते म्हणाले. "काही महिने."

"घ्या की. खुबा मोडलाय, कान नाय मोडले."

आधी फादर हसले, मग बाकीचे. शलाकाने सासूच्या खांद्यावरचा पदर नीट केला. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र चहा तसाच ठेवला आणि त्या फाटकाकडे निघून गेल्या. बनूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना जाऊ दिलं. फिलोमिनाबाई दोन पावलं त्या म्हाताऱ्या बाईंच्या मागे गेल्या, मग परत फिरल्या. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि बनूबाईंच्या शेजारी बसल्या.

"मग धर्ममाता कोण होणार तुमची?" त्यांनी विचारलं. "पाणी घेताना सोबत उभं राहायला कुणीतरी लागतं. मोठ्या माणसालाही लागतं."

"म्हायतेय." बनूबाईंनी गर्दीतून साळवेबाईंकडे पाहिलं. "पण त्यांना मी अजून इचारलं नाय."

साळवेबाई थोड्या अंतरावर उभ्या होत्या. सगळे त्यांच्याकडे वळले. 'होईल' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता. तो त्यांनी तिथेच थांबवला. हातातला कप कठड्यावर ठेवला, पदर सावरला, आणि खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"विचारा मग," त्या म्हणाल्या.