रेनबो माशांची टाकी

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझ्या कडा पिवळट पडल्या आहेत, पोटावर खडीने ओढलेला एक लांब ओरखडा आहे आणि मध्यंतरी तर मी तळाच्या जोडातून गळतही होते. पण मला पाहून लगेच नाक मुरडू नका. मी भल्या घरात राहिले आहे. माझ्या पोटात रेनबो मासे लहानाचे मोठे झाले आहेत.

माझा जन्म एका काचवाल्याच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, रस्त्याकडेची एक खोली! काच कापताना काचवाला श्वास रोखून धरायचा आणि तुकडा सुटला की हुश्श करायचा. एके दिवशी चष्म्यांच्या दुकानात काम करणारी एक बाई त्याच्याकडे आली.

"मला टाकी हवी. उंच नको, लांब हवी," ती म्हणाली.

"ताई, लोक उंच मागतात. बैठकीत उठून दिसते."

"मला नाही राहायचं त्यात, माशांना राहायचंय. हे मासे सरळ पळतात, शर्यत लावल्यासारखे. आणि झाकण घट्ट करा. उड्या मारतात ते."

काचवाल्याने तिला ताई म्हटलं, म्हणून मीही तिला ताईच म्हणू लागले. त्याने माझी चारी बाजूंची काच जोडली, जोड बोटाने गुळगुळीत केले आणि झाकण तर असं चोख बसवलं की मधून नखही गेलं नसतं.

काही दिवसांनी ताईचं लग्न झालं. सासरी येताना तिने एक कपाट, दोन बॅगा आणि मला आणलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला चढवताना चार माणसांचा घाम निघाला. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "बायका दागिने आणतात, हिने तळं आणलं!"

घरात ताईचे यजमान होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करून संध्याकाळी धापा टाकत जिने चढायचे, कारण आमच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. आणि घरात त्यांची दहा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे गुंडी म्हणायचे. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढीच दिसत होती, म्हणून तिच्या आईने ते नाव ठेवलं होतं. ती आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती.

मला बाहेरच्या खोलीतल्या लांब भिंतीशी ठेवलं. तिथे आधी वेताची एक खुर्ची होती. यजमानांनी ती उचलून बाल्कनीत नेली. गुंडी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. ती ताईशी बोलतच नसे. अगदी वेळ आली तर बाबांना म्हणायची, "त्यांना विचारा, माझा डबा कुठे ठेवला." आणि ताई तिथेच, हाताच्या अंतरावर उभी असायची.

ताईने माझ्या तळाशी वाळू पसरली, झाडं लावली, मऊ शेवाळाचा एक झुपका दगडाला बांधला आणि फिल्टर चालू केला. मग कितीतरी दिवस मी नुसत्या पाण्याने भरून उभी होते. काकू रोज डोकवायच्या. "अगं, मासे कुठायत?"

"यायचेत. आधी पाणी तयार व्हायला हवं. माशांची घाण पचवणारे जिवाणू वाळूत, फिल्टरमध्ये वाढावे लागतात. त्याआधी मासे सोडले तर मरतात."

"म्हणजे न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी दिसणारे पाहुणे ताटकळलेत म्हणायचे!" असं म्हणून काकू हसत निघून जायच्या.

शेवटी मासे आले. वाळू हुंगत फिरणारे चार मिशीवाले मासे तळाशी गेले आणि त्यांच्या वर आठ रेनबो. ते बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, बारीक आणि राखाडी होते. यजमान वाकून वाकून बघत राहिले.

"रेनबो म्हणे! इंद्रधनुष्य कुठाय यात? मला तर नुसते ढग दिसतायत."

ताई हसली. "लहान आहेत अजून. यांना रंग उशिरा येतो. वर्षसुद्धा लागेल."

"तोवर दुकानदार पळून जाईल!"

गुंडी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिला हसू आलं होतं, पण ते तिने पुस्तकाआड लपवलं. मी काच आहे, मित्रांनो. माझ्यात सगळ्यांचे चेहरे उमटतात.

ताईला सकाळी लवकर दुकान उघडावं लागे. एक दिवस ती म्हणाली, "गुंडी, सकाळचं खाणं तू घालशील का? चिमूटभरच. दोन मिनिटांत संपेल एवढंच."

गुंडीने खांदे उडवले. "घालीन. बाबा म्हणाले तर."

बाबा म्हणाले. आणि तेव्हापासून माझी सकाळ बदलली.

खिडकीतून कोवळं ऊन थेट माझ्यावर यायचं. रेनबो माशांची खरी मजा त्याच वेळी असते. नर पंख फुलवून एकमेकांसमोर ऐट मिरवतात, कपाळावर एक पट्टा चमकतो, आणि मग भिंतीपासून भिंतीपर्यंत धूम ठोकतात. गुंडी आधी उभ्याउभ्या चिमूट टाकून जायची. मग ती थांबू लागली. मग जमिनीवर बसून नाक माझ्या काचेला लावू लागली. काचेवर तिच्या नाकाचा गोल डाग राहायचा. ताई घर पुसताना माझी सगळी काच पुसायची, तेवढा डाग सोडून.

हळूहळू रंग आले. आधी पंखांच्या कडा पिवळ्या झाल्या. मग एका नराचं पुढचं अर्धं अंग निळसर झालं आणि मागचं नारिंगी, जणू दोन वेगळे मासे मध्ये जोडले होते. गुंडीने त्याचं नाव निम्म्या ठेवलं. घरात कुणी नसलं की ती त्याच्याशी बोलायची. "निम्म्या, आज गणितात माझं चुकलं." "निम्म्या, आईने तुला बघितलं असतं ना, तर दिवसभर इथून हलली नसती." मी गप्प राहून ऐकायचे.

आणि मग तो दिवस आला, जो मला आजही आठवतो.

त्या सकाळी गुंडीला उठायला उशीर झाला. तिने झाकणाची काच सरकवली, खाणं टाकलं, तेवढ्यात खालून शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती दप्तर उचलून धावली. झाकण उघडंच राहिलं. मला हात असते तर मी ते ओढून घेतलं असतं! निम्म्याने दुसऱ्या नराचा पाठलाग केला, तो वळला, वेगाने वर आला आणि एकदम माझ्याबाहेर पडला. फरशीवर त्याची थोडी तडफड ऐकू आली. मग तीही थांबली.

दुपारी ताई जेवायला घरी आली. तिने त्याला उचलून पाण्यात धरलं, हातांनी पुढे-मागे हलवून पाहिलं. काही उपयोग नव्हता. माशांच्या दुकानातून तसाच दुसरा मासा आणणं तिला अवघड नव्हतं. पण तिने निम्म्याला ओल्या पानावर ठेवलं, झाकण लावलं आणि गुंडीची वाट पाहत बसली. त्या दिवशी ती दुकानात परत गेलीच नाही.

गुंडी आली, आणि सवयीने आधी माझ्यापाशी आली.

"निम्म्या कुठाय?"

"गुंडी, तो उडाला गं. मी आले तेव्हा जमिनीवर होता," ताई म्हणाली आणि पान पुढे केलं.

गुंडीने पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती रडली नाही. दोघींनी बाल्कनीतल्या कुंडीत त्याला पुरलं.

संध्याकाळी यजमान आले. त्यांनाही निम्म्याचा लळा लागला होता. त्यांनी विचारलं, "पण उडाला कसा? झाकण उघडं कुणी ठेवलं?"

गुंडी जागच्या जागी थिजली.

ताई पोळपाट पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "झाकण नीट बसत नव्हतं. कोपरा घासून घ्यायला हवा होता, माझ्याकडून राहून गेलं."

मित्रांनो, माझं झाकण चोख बसत होतं. ताईला ते चांगलं ठाऊक होतं. आणि गुंडीलाही.

गुंडी उठली आणि बाल्कनीत जाऊन वेताच्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली. थोड्या वेळाने ताई तिच्याजवळ गेली. दार उघडं होतं आणि आवाजाने काच थरथरते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तुम्ही खोटं का बोललात?" गुंडीने विचारलं. ती ताईशी इतकं थेट पहिल्यांदाच बोलत होती.

"चुकलंच माझं. पण तू स्वतःवर एवढी रागावली होतीस, की त्यात आणखी कुणाची भर नको वाटली."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, हिच्या हातात काही देऊ नका."

"मग उद्या सकाळी खाणं कोण घालणार? बाबा? ते मूठभर घालतील."

गुंडीला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबरच रडू फुटलं. खूप वेळ ती रडली. मी ऐकत होते. ते रडणं एकट्या निम्म्यासाठी नव्हतं. मध्येच ती हुंदके देत म्हणाली, "ही आईची खुर्ची आहे. आजारी होती तेव्हा ती हिच्यातच बसायची. टाकी आली आणि हिला बाहेर टाकलं."

ताई म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही गं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"नाही विचारलं. खरंय."

मग गुंडी स्वतःच आत आली आणि बाबांपुढे उभी राहिली. "बाबा, झाकण मी उघडं ठेवलं होतं." बाबांनी आधी ताईकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी घरात सामान हललं. भरलेली टाकी हलवता येत नाही, म्हणून माझ्या समोरच्या भिंतीशी असलेलं ताईचं कपाट आतल्या बोळात गेलं. तिथे त्याचं एक दार पूर्ण उघडतसुद्धा नव्हतं. त्याच्या जागी वेताची खुर्ची आली, माझ्याकडे तोंड करून. यजमान म्हणाले, "अगं, तुला कपडे काढताना वाकडं व्हावं लागेल."

"होईन वाकडी. व्यायाम होईल," ताई म्हणाली.

त्या खुर्चीत बसूनच एका सुट्टीच्या सकाळी गुंडी जोरात ओरडली, "अगं, लवकर ये! तू बघ ना, शेवाळापाशी काहीतरी हललं!"

ताई ओल्या हातांनी धावत आली. पाण्याच्या अगदी वरच्या थरात, डोळे ताणले तरच दिसतील अशी तीन-चार पिल्लं होती. सुईच्या टोकाला दोन डोळे फुटावेत तशी! ताई बघत होती पिल्लांकडे, पण तिचे कान अजून त्या 'तू'पाशीच अडकले होते. गुंडीला स्वतःला ते कळलंही नव्हतं.

"ही निम्म्याची आहेत का गं?"

"सांगता येत नाही. असतील, नसतील. पण मोठे मासे खातील यांना, आधी तो मोठा डबा आण!"

शेवाळासकट पिल्लं डब्यात गेली. दोघींनी त्यांना पिठासारखं बारीक खाणं घातलं, रोज थोडं पाणी बदललं. दोन पिल्लं जगली. काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "फारच फिकी आहेत की गं ही." त्यावर गुंडीने कमरेवर हात ठेवून त्यांना रेनबो माशांवर असं व्याख्यान दिलं, की काकूंच्या चहावर साय धरली.

गुंडीने ताईला कधी आई म्हटलं नाही. ताईनेही कधी तशी वाट पाहिली नाही. 'अगं' एवढ्यावर त्या दोघींचं सगळं भागलं.

वर्षं गेली. गुंडी दातांची डॉक्टर व्हायला दूर गेली. ताईने माझं सगळं एकटीने केलं. पुढे तिचे गुडघे दुखू लागले, बादल्या उचलवेनात. मासे म्हातारे होऊन एकेक करून गेले. मग एक दिवस माझा तळाचा जोड सुटला आणि खोलीभर पाणी झालं. यजमानांनी मला रिकामं करून बाल्कनीत ठेवलं. माझ्यात आधी जुनी वर्तमानपत्रं आली, मग कांदे-बटाटे. कुणाचं नाक माझ्या काचेला लागेना. मी कुणाला दोष देत नाही. पण पाण्याची सवय झालेल्या काचेला कोरडं राहणं फार जड जातं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मासे आणाल तर आधी पाणी तयार करा. रेनबोला एकटं ठेवू नका, त्याला त्याचे सोबती लागतात. दर आठवड्याला थोडं पाणी बदला आणि खाणं घातलं की झाकण लावा. आणि घरातल्या कुणाची वस्तू हलवायची असेल, तर आधी विचारा.

गेल्या आठवड्यात गुंडी घरी आली. ती आता स्वतःचा दवाखाना उघडते आहे. तिने कांदे बाहेर काढले, मला धुतलं आणि म्हणाली, "हिला मी नेणार. दवाखान्यातल्या खुर्चीत बसायला घाबरणारी मुलं हिच्यासमोर बसतील."

"अगं, नवीन घे की. ही गळते," ताई म्हणाली.

"मग गळती बंद करू."

दोघी मला टेम्पोतून त्याच काचवाल्याकडे घेऊन आल्या. त्याचे केस पांढरे झाले आहेत आणि नाकावर जाड चष्मा आहे, तोही ताईच्याच दुकानातला. त्याने माझे जोड चाचपले, जुनं सिलिकॉन नखाने खरवडून पाहिलं आणि मान डोलावली. "होईल. दोन दिवस राहू द्या." मग माझ्यावर नाव घालायला त्याने खडू उचलला. "टाकी कुणाची लिहू?"

"हिची," ताई गुंडीकडे बोट दाखवत म्हणाली.

"हिची," गुंडीही त्याच क्षणी ताईकडे बोट दाखवत म्हणाली.

काचवाल्याने चष्म्यावरून दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग खडू खाली ठेवला.

"राहू द्या," तो म्हणाला, "लक्षात राहील माझ्या."